वरच्या मजल्यावर अंडरफ्लोर हीटिंग: पाइपांखालचं इन्सुलेशन कसं निवडायचं

वरच्या मजल्यावर अंडरफ्लोर हीटिंग, म्हणजे फरशीखालच्या पाइपांतून गरम पाणी फिरवून खोली तापवायची सोय, घ्यायचं ठरलं की पाइपांची चर्चा होते, बॉयलरची होते, थर्मोस्टॅटची तर फारच होते. पाइपांखाली उष्णता अडवायला काय घालायचं, म्हणजे इन्सुलेशन कोणतं, हा विषय शेवटी निघतो आणि "खाली आपलीच खोली आहे, उष्णता जाऊन जाऊन जाणार कुठे?" एवढ्यावर मिटतो. हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खरेपणामुळेच बरीच कामं बिघडतात.

मला एकदा अशाच एका घरी बोलावलं होतं. वरची झोपायची खोली संध्याकाळी चालू केली तरी रात्रीपर्यंत तापत नव्हती, म्हणून कोणीतरी पाण्याचं तापमान ५० अंशांपर्यंत वाढवून ठेवलं होतं. खालच्या बैठकीच्या खोलीचं हीटिंग पूर्ण बंद होतं, तरी तिथली मंडळी खिडकी उघडून बसलेली. इन्फ्रारेड थर्मामीटर छताकडे धरला तर २८ अंश. वर जाऊन दाराच्या उंबऱ्यापाशी थोडा भाग उकलून पाहिला. पाइप, त्याखाली ३ मिलिमीटरची चंदेरी फोमची चटई आणि तिच्याखाली थेट स्लॅब. उष्णता घराबाहेर गेली नव्हती हे खरं, पण हवी तिथे आणि हवी तेव्हाही ती मिळत नव्हती. झोपायच्या खोलीसाठी पैसे मोजून बैठकीची खोली तापत होती.

तेव्हा वरच्या मजल्यावरच्या इन्सुलेशनचं काम आधी नीट समजून घ्या. तळमजल्यावर ते उष्णता जमिनीत वाया जाऊ देत नाही. वरच्या मजल्यावर त्याचं मुख्य काम म्हणजे प्रत्येक खोलीचं तापमान त्या खोलीच्या थर्मोस्टॅटच्या ताब्यात ठेवणं. शिवाय इथे तळमजल्यावर नसलेल्या तीन गोष्टी आड येतात: उंची, वजन आणि पावलांचा आवाज. निवड या सगळ्यांची सांगड घालून करायची असते. दुकानातला सगळ्यात जाड बोर्ड उचलला म्हणजे काम झालं, असं होत नाही.

आधी खाली जाऊन बघा

वरच्या खोलीचा नकाशा हातात घ्या आणि बरोबर तिच्याखाली काय काय येतं ते त्यावर लिहा. इन्सुलेशन किती लागेल हे त्यावरच ठरतं. या कामासाठीचं युरोपीय मानक, ईएन १२६४, तापणाऱ्या थराखालच्या इन्सुलेशनचा किमान उष्णतारोध सांगतं. उष्णतारोध म्हणजेच आर-व्हॅल्यू. तिचं एकक चौरस मीटर केल्विन प्रति वॅट. पुढे नुसता आकडा लिहितो.

खाली नियमित तापवली जाणारी खोली असेल तर किमान ०.७५. खालची खोली तापवली जात नसेल किंवा अधूनमधूनच तापवली जात असेल तर १.२५. खाली उघडी हवा असेल, म्हणजे पोर्च, गाडीची मोकळी जागा किंवा बाहेर काढलेला भाग, तर थंडीतल्या तिथल्या तापमानानुसार १.२५ ते २.०० (उणे ५ ते उणे १५ अंशांच्या थंडीसाठी २.००). हे किमान आकडे आहेत. तुमच्या भागातल्या बांधकाम नियमांत याहून जास्त मागितलं असेल, आणि उघड्या हवेवरच्या मजल्याबाबत ते बहुधा मागितलेलं असतंच, तर तो आकडा धरायचा.

खाली दुसऱ्या कुटुंबाचं घर असेल तर? माझं मत स्पष्ट आहे: ती खोली "तापवलेली" धरू नका, १.२५ च धरा. त्यांनी हीटिंग किती आणि कधी चालवावं हे तुमच्या हातात नाही. ते महिनाभर घर बंद करून गेले तर तुमची फरशी त्यांचं रिकामं घर तापवत बसेल.

अर्धी खोली बैठकीवर आणि अर्धी पोर्चवर असं पुष्कळदा निघतं. दोन भागांत दोन जाड्या घालता येतात, पण वरची पातळी एकच लागते, त्यामुळे उंची पुरत असेल तर कडक अटीचीच जाडी सगळीकडे घाला. उंची नसेल तर पोर्चवरच्या भागात पातळ पण जास्त रोधाचा बोर्ड घाला आणि उरलेलं इन्सुलेशन स्लॅबच्या खालच्या अंगाला, बाहेरून लावा.

मग वरचं आवरण ठरवा

हे ऐकून बरेचजण चक्रावतात. खालच्या इन्सुलेशनचा आणि वरच्या गालिच्याचा काय संबंध? संबंध थेट आहे. पाइपांतली उष्णता वर आणि खाली दोन्हीकडे निघते आणि ज्या बाजूला अडथळा कमी त्या बाजूला जास्त जाते. वरचा अडथळा वाढवलात की खाली जाणारा वाटा आपोआप वाढतो.

आकडे मांडून बघू. वरच्या आणि खालच्या खोलीचं तापमान सारखंच धरू. पाइपांवर ४५ मिलिमीटर कोबा आणि त्यावर टाइल असेल तर हवेपर्यंतचा वरचा रोध साधारण ०.१४ येतो. खाली १५० मिलिमीटरचा काँक्रीट स्लॅब, प्लास्टर आणि छताखालच्या हवेचा थर मिळून ०.२६. इन्सुलेशन नसेल तर ३५ टक्के उष्णता खाली जाते. त्याच जागी ०.७५ चं इन्सुलेशन घातलं की हा वाटा १२ टक्क्यांवर येतो. आता टाइलऐवजी ०.१५ रोधाचा गालिचा किंवा जाड लाकूड घाला. इन्सुलेशन असूनही खालचा वाटा २२ टक्के होतो, आणि इन्सुलेशन नसेल तर अर्ध्याहून जास्त उष्णता खाली उतरते.

हीटिंगच्या फरशीवर ०.१५ पेक्षा जास्त रोधाचं आवरण घालू नये, असा संकेत आहे. तुम्ही त्या मर्यादेच्या जवळ जाणार असाल तर इन्सुलेशन किमान आकड्यावर ठेवू नका, एक पायरी वर चढा. झोपायच्या खोल्यांत गालिचा किंवा लाकूड हवंसं वाटतं आणि झोपायच्या खोल्या बहुधा वरच असतात, म्हणून हा हिशेब वरच्या मजल्यावर टाळून चालत नाही.

उंची आणि वजन

आता टेप घ्या. नेहमीच्या ओल्या पद्धतीत, म्हणजे पाइपांवर सिमेंट-वाळूचा कोबा (कंत्राटदार त्याला स्क्रीड म्हणतात), थर असे येतात: इन्सुलेशन ३०, पाइपासह कोबा ६५, चिकटवणारं मिश्रण आणि टाइल मिळून १५. एकूण ११० मिलिमीटर.

या ११० मिलिमीटरला दारं अडतात हे सगळ्यांच्या लक्षात येतं, कारण दार कापता येतं. जिन्याची शेवटची पायरी मात्र विसरली जाते. बाकी पायऱ्या १७० च्या आणि वरची एकदम २८० ची झाली तर तिथे रोज कोणीतरी अडखळणार, आणि जिन्यात अडखळणं म्हणजे पडणंच. दुसरी विसरली जाणारी गोष्ट खिडकीची. फरशी ११ सेंटिमीटर वर आली की खिडकीचा कठडा आणि गॅलरीचं रेलिंग तेवढ्यानेच बुटकं होतं. घरात लहान मुलं असतील तर हे माप आधी घ्या, इन्सुलेशनचं नंतर.

वजनाचा हिशेब सोपा आहे. कोब्याच्या दर १० मिलिमीटरला चौरस मीटरमागे सुमारे २० किलो. ६५ मिलिमीटरचे १३० किलो झाले. १५ चौरस मीटरच्या खोलीत जवळजवळ २ टन. मजला जुना असेल तर हा आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरसमोर ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका. इन्सुलेशनचं स्वतःचं वजन नगण्य असतं, पण ते पातळ घेऊन वाचलेली उंची कोब्याने भरून काढायची चूक कोणी केली तर वजन झपाट्याने वाढतं.

कोणता माल

बोर्डाच्या लेबलावर लॅम्डा नावाचा आकडा असतो; मालातून उष्णता किती सहज वाहते ते तो सांगतो. तो जितका लहान तितका माल चांगला. जाडी मीटरमध्ये घेऊन लॅम्डाने भागली की आर-व्हॅल्यू मिळते. हा एक भागाकार स्वतः करायला शिकलात तर विक्रेत्याच्या कुठल्याही दाव्याची परीक्षा तिथल्या तिथे होते.

ईपीएस म्हणजे आपल्या परिचयाचा थर्मोकोल, पण टीव्हीच्या खोक्यातला भुसभुशीत नव्हे. लॅम्डा ०.०३४ ते ०.०३८. ०.७५ साठी ३० मिलिमीटर, १.२५ साठी ५० मिलिमीटर. ईपीएस १००, ईपीएस १५० यांतला आकडा दाब सोसण्याची ताकद सांगतो; घरातल्या कोब्याखाली १०० चा पुरतो. ग्रॅफाइट मिसळलेला राखाडी ईपीएस ०.०३१ च्या आसपास असतो आणि थोडी जाडी वाचवतो. तो उन्हात ठेवू नका, तापून वाकडा होतो. एक्सपीएस हा त्याच जातीचा दाट फोम, जास्त टणक आणि पाणी न शोषणारा, पण वरच्या मजल्यावर या दोन्ही गुणांची फारशी गरज पडत नाही.

पीआयआर हा टणक प्लॅस्टिक फोमचा बोर्ड; त्याचा लॅम्डा ०.०२२. म्हणजे ०.७५ साठी २० आणि १.२५ साठी ३० मिलिमीटर. उंची खरोखरच अडली असेल तिथे याला पर्याय नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. याच्या अंगावर बहुधा ॲल्युमिनियमची फॉइल असते आणि ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला खातं, म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा कागद हवाच. दुसरं, २० मिलिमीटरच्या बोर्डात पाइप धरायच्या क्लिपा रुतायला जागाच नसते. त्या आरपार जाऊन स्लॅबला टेकतात आणि निघून येतात. तिथे खाचांच्या पट्ट्यांत पाइप बसवा.

खनिज लोकर, म्हणजे रॉकवूल किंवा ग्लासवूल, ०.०३५ ते ०.०४० ची. ती जळत नाही आणि आवाज शोषते. कोब्याखाली वापरायची असेल तर फरशीसाठीच बनवलेला दाट बोर्ड लागतो. भिंतीत किंवा माळ्यावर घालायची मऊ गुंडाळी कोब्याखाली दबून सपाट होईल आणि कोबा तडकेल.

पावलांचा आवाज

इथे थोडं थांबून वाचा, कारण हे कोब्याखाली एकदा गाडलं गेलं की दुरुस्त करता येत नाही.

खालच्या माणसाला वरून दोन प्रकारचे आवाज येतात. बोलण्याचा, टीव्हीचा आवाज हवेतून येतो आणि जड स्लॅब तो बराच अडवतो. टाच आपटल्याचा, खुर्ची सरकल्याचा, वस्तू पडल्याचा आवाज मात्र बांधकामातूनच उतरतो. त्याला अडवायला कोबा आणि स्लॅब यांच्यामध्ये स्प्रिंगसारखा मऊ थर लागतो. साधा ईपीएस, एक्सपीएस आणि पीआयआर यांत हा मऊपणा नाही. उष्णता ते उत्तम अडवतात, पण टाचांचा ठोका जवळजवळ तसाच खाली पोचवतात. "इन्सुलेशन घातलंय, मग आवाज का येतो?" ही तक्रार इथूनच निघते.

यासाठी ईपीएसचाच एक लवचीक केलेला प्रकार मिळतो, किंवा फरशीची खनिज लोकर घ्या. लेबलावर दोन गोष्टी शोधा. एक, डायनॅमिक स्टिफनेस, म्हणजे ठोका बसताना थर किती ताठ राहतो: हा आकडा कमी असलेला चांगला, साधारण १० ते ३० मेगान्यूटन प्रति घनमीटर. दुसरी, जाडी आणि दबणं: "३०-२" असं लिहिलेलं असेल तर जाडी ३० आणि भाराखाली जास्तीत जास्त २ मिलिमीटर दबेल. मऊपणा हवा, पण बेताचा. ५ मिलिमीटरहून जास्त दबणाऱ्या थरावर घरातला कोबाही घालू नये.

दोन थर एकत्र वापरता येतात: मऊ बोर्ड स्लॅबवर आणि त्यावर टणक, जास्त रोधाचा बोर्ड. स्लॅबवरून नळाचे पाइप किंवा विजेच्या नळ्या गेल्या असतील तर हा क्रम उलटा करा. आधी टणक थर त्या पाइपांच्या उंचीपर्यंत, पाइपांभोवतीच्या फटी भरून घ्या, आणि मग मऊ थर सगळ्यावरून सलग अंथरा. मऊ थर कुठेही तुटता कामा नये, हा यातला मुख्य नियम.

खाली आपलीच खोली असेल तर आवाजाला किती महत्त्व द्यायचं हे तुम्ही ठरवा. खाली दुसऱ्याचं घर असेल तर मी मऊ थराशिवाय काम करू देणार नाही.

लाकडी तुळयांचा मजला

स्लॅबऐवजी लाकडी तुळया असतील तर विषय वेगळा होतो, पण सोपा होतो, कारण तुळयांमधली पोकळी रिकामीच असते. तिथे १०० मिलिमीटर खनिज लोकर घातली तर आर-व्हॅल्यू २.५ होते आणि पुढे उष्णतेची चिंता राहत नाही. तेवढ्याच लोकरीने बोलण्याचा आवाजही कमी होतो.

गोम असते ती लोकर किती वर बसवली यात. ती खालच्या छतावर पसरून ठेवली आणि वर पाइपांपर्यंत पोकळी राहिली, तर त्या पोकळीतली हवा तापते, तुळयांच्या कडेकडेने सरकते आणि भिंतीतल्या फटींतून बाहेर पडते. पाइप ज्यांत बसतात त्या उष्णता पसरवणाऱ्या ॲल्युमिनियम पत्र्यांना लोकर खालून चिकटून बसली पाहिजे. त्यासाठी तुळयांच्या अंगाला बारीक पट्ट्या ठोका किंवा तुळयांवरून जाळी झोळीसारखी सोडा, आणि लोकर तिच्यावर टेकवा.

आणि वरच्या फळ्यांचा हिशेब विसरू नका. १८ मिलिमीटरच्या चिपबोर्डचाच रोध ०.१४ होतो, म्हणजे मघाच्या मर्यादेतला बहुतेक वाटा त्यानेच खाल्ला. त्यावर जाड गालिचा घालायचा असेल तर ही पद्धत नकोच.

लोकर भरण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. पोकळीत मोकळी असलेली वायर लोकरीत गाडली गेली की तिची उष्णता बाहेर पडत नाही आणि तिची वीज वाहून नेण्याची क्षमता घटते. खालच्या छतात बसवलेल्या दिव्यांवर लोकर दाबून भरणं तर सरळ आगीला आमंत्रण आहे; तिथे दिव्यांसाठीची संरक्षक टोपी लावा.

त्या चंदेरी चटईबद्दल

तीनचार मिलिमीटरच्या फॉइल लावलेल्या फोमबद्दल सांगितलं जातं की ती उष्णता "परावर्तित" करून वर पाठवते. फॉइल परावर्तन करते हे बरोबर, पण समोर हवेची पोकळी असेल तेव्हाच. कोब्यात किंवा दोन थरांत दाबली गेलेली फॉइल उष्णता अंगातून पुढे जाऊ देते. मग उरतो फोम: ०.००४ भागिले ०.०३५, म्हणजे ०.११. लागणाऱ्या ०.७५ चा सातवा भाग. लाकडी लॅमिनेटखालचा साधा थर म्हणून तिचा उपयोग असेल, पाइपांखालचं इन्सुलेशन म्हणून अजिबात नाही.

वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात विजेची हीटिंग मॅट घालणार असाल तर गणित थोडं वेगळं. तिथे सिमेंटचा लेप असलेला ६ ते १० मिलिमीटरचा एक्सपीएस बोर्ड पुरतो. त्याची आर-व्हॅल्यू कमीच असते, पण थोडा वेळ चालणाऱ्या हीटिंगमध्ये फरशी लवकर तापते, कारण खालचा स्लॅब आधी तापवावा लागत नाही.

अंथरताना

स्लॅब झाडून घ्या आणि उंचवटे छिन्नीने काढा. बोर्डाखाली खडा राहिला तर बोर्ड डगमगतो आणि कोबा तिथेच तडकतो. सगळ्यात आधी भिंतीकडेने फोमची पट्टी लावा, ८ ते १० मिलिमीटर जाडीची, स्लॅबपासून वरच्या टाइलच्याही वर येईल एवढी उंच. दाराच्या चौकटी आणि खांबांभोवतीही ती सलग हवी. या पट्टीमुळे कोब्याला तापून पसरायला जागा मिळते आणि कोबा भिंतीला न टेकल्याने आवाजही भिंतीत शिरत नाही.

बोर्ड विटांसारखे सांधे चुकवून लावा, फटी त्याच मालाच्या कापांनी भरा. त्यावर प्लॅस्टिकचा कागद, किमान ०.१५ मिलिमीटर जाड आणि जोडाला किमान ८ सेंटिमीटर एकमेकांवर. तो कडेच्या पट्टीवर चढवून चिकटवा, नाहीतर ओला कोबा फटीतून खाली गळतो. स्लॅबपर्यंत पोचलेला मुठीएवढा गोळासुद्धा पावलांच्या आवाजाला वाट करून देतो. क्लिपा मारण्याआधी त्यांची लांबी बोर्डाच्या जाडीपेक्षा कमी असल्याची खात्री करा. आणि कोबा पडण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून ठेवा, टेप जमिनीवर ठेवून.

सिमेंटचा कोबा २१ दिवसांनी तापवायला घ्या: तीन दिवस २५ अंशांचं पाणी, मग चार दिवस ठरलेल्या कमाल तापमानाचं. टाइल बसून सांधे भरल्यावरच कडेची उरलेली पट्टी कापा. गवंडी ती आधीच कापायला बघतो कारण ती कामात येते. कापू दिलीत तर टाइलचं मिश्रण फटीत उतरतं आणि फरशी भिंतीला चिकटते.

सगळं झाल्यावर एक दिवस वरचं हीटिंग चालू आणि खालचं बंद ठेवा. संध्याकाळी खालच्या खोलीत जाऊन छताचं आणि हवेचं तापमान मोजा. ०.७५ चं इन्सुलेशन नीट बसलं असेल तर टाइलच्या फरशीखालचं छत हवेपेक्षा दीड-दोन अंशांनीच गरम निघेल. एखाद्या ठिकाणी फरक पाच-सहा अंशांचा आला तर तिथे बोर्ड निसटलाय किंवा फट राहिलीय. कोब्याआधी काढलेले फोटो समोर घेऊन तीच जागा आधी शोधा.